तीन आटे हाताने

मिस्त्रींच्या वडिलांची पिकअप अकरा वर्षं शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होती. मिस्त्रींनी ती बाहेर काढून उभी केली तेव्हा मूळच्या कंपनीचं म्हणावं असं तिच्यात सांगाडा, बॉनेट आणि डाव्या दाराची काच एवढंच उरलं. इंजिन एका कंपनीचं, गिअरबॉक्स दुसरीचा, पुढचं सीट मोडीत निघालेल्या बसमधलं आणि आरसे कुठल्या गाडीचे, हे तर भंगारवाल्यालाही सांगता येईना. "सर्वपक्षीय सरकार आहे," मिस्त्री येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "चालेल. मधूनमधून प्रत्येकाची समजूत काढावी लागेल, एवढंच."

नवे भाग घालायचे तर त्यासाठी गाडीच विकावी लागली असती. म्हणून मिस्त्री दर रविवारी भंगार बाजारात उकिडवे बसत, ढिगातून काहीबाही उचलत, घरी आणून कानशीने घासत आणि बसेपर्यंत त्याचा पिच्छा पुरवत. हा सगळा खटाटोप धाकट्या बहिणीसाठी होता. ती गाद्या आणि सीटकव्हरं शिवायची. घाटावरच्या आठवडी बाजारात तिला जागा मिळाली होती, आणि येत्या गुरुवारी ती स्वतः पिकअप चालवत माल घेऊन वर जाणार होती. घाट चढायला इंजिन लागतं, उतरायला ब्रेक.

मिस्त्रींची खरी अडचण वेगळीच होती आणि ती त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती. गेल्या वर्षभरात रक्तातल्या साखरेमुळे त्यांच्या बोटांची टोकं बधिर झाली होती. चहा गरम आहे हे त्यांना आता ओठांना लागल्यावर कळे.

दुसऱ्या कुणाचं यावाचून फारसं अडलं नसतं. पण मिस्त्रींची सगळी मिजास त्या बोटांवर होती. अशा सरमिसळ गाडीत काही आटे इंचाचे असतात, काही मिलिमीटरचे, आणि दोन्ही नट दिसायला जुळे भाऊ. वडिलांचा नियम होता की नट आधी तीन आटे हाताने चढवायचा, मगच पान्याला हात लावायचा. जोडीचा नट अलगद जातो. परका नट आधी जरा सैल लागतो आणि तिसऱ्या आट्याला अडतो. पान्याने रेटला तर तोही घट्ट बसतो, आणि एखाद्या दिवशी जोराचा ब्रेक मारला की सुटतो. दुसरा नियम असा की हाताने ज्याने चढवला, पान्याने त्यानेच आवळायचा. कुणाचं चुकलं यावर मागाहून वाद नको.

मंगळवारी संध्याकाळी मागच्या डाव्या चाकाची ब्रेकची नळी जोडायची राहिली होती. नळी एका गाडीची, तिच्यावरचा नट तिच्यासोबतच आलेला, आणि चाकातला सिलिंडर दुसऱ्याच गाडीचा. ती जागा दिसत नाही, नुसता हात पोचतो. मिस्त्रींनी गाडीखाली आडवं होऊन नट फिरवला. बोटं गप्प. खरं तर बाहेर येऊन आटे मोजायची मापाची पट्टी लावता आली असती. पण चाळीस वर्षं ज्याने पट्टी लावणाऱ्यांची टिंगल केली, तो बहिणीसमोर पट्टी कसा काढणार? त्यांनी मनातल्या मनात तीन मोजले आणि पान्याने आवळून टाकलं. पेडल दाबून पाहिलं, टिकलं. थेंबभरही ऑइल गळलं नाही.

धाकटी स्टुलावर बसून सीटचं कव्हर शिवत होती. झालं का, असं तिने विचारलं आणि मिस्त्री झालं म्हणाले. त्या एका शब्दाने त्यांची झोप उडवली. सकाळी उठायचं, नट सोडवायचा, पट्टी लावायची आणि तिला सगळं सांगून टाकायचं, असं पहाटेपर्यंत त्यांनी चारदा ठरवलं आणि तीनदा मोडलं.

बुधवारी सकाळी ते गाडीखाली सरकले तर नळी आधीच सुटलेली. तिच्या तोंडाला चिंधी बांधलेली, खाली पत्र्याच्या ताटलीत ब्रेक ऑइल साठलेलं. चिंधी सीटच्या कव्हराच्या कापडाची होती, त्यामुळे चोर शोधायला लांब जावं लागलं नाही. मिस्त्री बाहेर आले ते तणतणतच. माझ्या कामाला हात लावायचा नाही हे या गॅरेजमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे, तुला वेगळं सांगायला हवं का, ब्रेक म्हणजे काय उशीचा अभ्रा वाटला का, असं बरंच काही ते बोलले. धाकटीने दोरा तोडला.

"तिसऱ्या आट्याला अडत होता," ती म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"बाबांनी तुला शिकवलं तेव्हा मी शेजारीच बसले होते." मग तिने सुई टोचून ठेवली. "दादा, मी शिवलेले दोन शर्ट वर्षभर घडी न मोडता पडलेत. तू नुसते टी-शर्ट घालतोयस. बटणं लावता येत नाहीत ना?"

मिस्त्रींना तोंडात मारल्यासारखं झालं. राग कुठल्या कुठे गेला आणि मागे नुसती लाज उरली. ते टायरवर बसले. महिनाभर दुपारी ते जेवून जरा पडले की धाकटी गाडीखाली जात होती आणि त्यांनी बसवलेला एकेक नट सैल करून, हाताने चढवून पाहत होती. पान्याने परत आवळायचीही तीच. हा शेवटचा तिने रात्रीच, ते झोपायला गेल्यावर, पाहिला होता.

"घाट तू उतरणार होतीस," मिस्त्री म्हणाले. "आणि मी झालं म्हणालो."

धाकटीने सुई पुन्हा उचलली. विचारू नये असं वाटत असतानाही, मिस्त्रींनी विचारलंच, "आणि बाकीचे?"

"सगळे बरोबर. हा एकच."

मिस्त्रींनी मनगटाने डोळे पुसले आणि तोंडभर ग्रीस लावून घेतलं. मग उठून खणातून मापाची पट्टी काढली, चष्मा चढवला आणि तिच्या देखत आटे मोजले. नट इंचाचा होता, सिलिंडर मिलिमीटरचा. त्यांनी नळीचं टोक कापलं, जोडीचा नट घातला आणि नट निसटू नये म्हणून नळीचं तोंड पुन्हा फुलवून रुंद करून घेतलं. एवढं डोळ्यांनी जमत होतं. तेवढं झाल्यावर धाकटी पदर खोचून गाडीखाली गेली.

"डोळे मीट आणि फिरव," मिस्त्री म्हणाले. "कसा जातोय?"

"अलगद. एक झाला."

"घाई करू नकोस."

"दोन. तीन झाले, दादा."

गाडीखालून तिचा हात बाहेर आला. मिस्त्रींच्या हातात वडिलांचा पाना होता. ब्रेकच्या कामात तो त्यांनी आजवर कुणाला दिला नव्हता आणि आताही द्यावासा वाटत नव्हता. नियम मात्र त्यांनाच तोंडपाठ होता. त्यांनी पाना तिच्या हातात ठेवला.

मग नवीन ऑइल भरलं, नळीतली हवा काढली आणि धाकटीने सीटच्या पाठीला पाठ टेकवून दोन्ही पायांनी पेडल दाबलं. पेडल जरासं दबलं आणि घट्ट थांबलं. मिस्त्रींनी तिला चारदा दाबायला लावलं, तेव्हा ती वैतागली.

गुरुवारी सकाळी गाद्या बांधून झाल्या, इंजिन तापलं, तरी मिस्त्रींचा पत्ता नव्हता. मग ते आले. अंगात तिने शिवलेला निळा शर्ट होता, पुढून सगळा उघडा, आत बनियन दिसत होतं. असे ते अख्खी गल्ली ओलांडून आले होते. ते तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"लावून दे," ते म्हणाले.

धाकटीने गळ्यापासून खालपर्यंत सहा बटणं लावली, कॉलर सरळ केली, आणि किल्ली घेऊन ती चालकाच्या बाजूने चढली. मिस्त्री शेजारी बसले.