आत्याचा वाघ आणि दीपमालाची वाघीण

परंड्यात दीपमालाचं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. एका बॅनरवर पन्नास शुभेच्छुकांचे चेहरे बसवणं हा तिच्या डाव्या हातचा मळ. पण सध्या तिला भलताच नाद लागला होता. सनबोर्डच्या, त्या जाड फोमच्या पाट्यांच्या, कातरणांतून तिला अरुंद रुळांच्या जुन्या छोट्या रेल्वेची वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, करायची होती. तळहातावर मावेल एवढी, पण हुबेहूब.

तिचे वडील बब्रुवान, तिचे आप्पा, त्या छोट्या गाडीवर गार्ड होते. गाडी गेली, रूळही गेले. दीपमालानं दोनदा वाघीण करून त्यांच्यापुढं ठेवली, आणि दोन्ही वेळा आप्पांनी "छान हाय" म्हणून पुन्हा पेपरात डोकं घातलं. पाहुण्यांकडचा पांचट चहा पिऊन म्हणतात ना, तसलं ते छान. ते तिच्या जिव्हारी लागलं. ही आपली गाडी, असं आप्पांना वाटायला हवं होतं. काय चुकलं विचारावं, तर "आता काय आठवतंय" एवढंच उत्तर.

चूक कुठं असणार हे तिला ठाऊक होतं. तिच्याजवळ फोटो एकच, कुर्डुवाडीच्या यार्डात वाघिणीपुढं उभ्या राहिलेल्या वऱ्हाडाचा. डबा दिसतो, पण चाकं, ब्रेक, सगळं धोतरांच्या आड. जरा सरकून उभं राहायला या लोकांचं काय जात होतं? खालचं सगळं तिनं अंदाजपंचे केलं होतं.

शेवटी तिनं कुर्डुवाडीच्या आत्याला, दगडाबाईंना फोन लावला.

"आत्या, तुमच्याकडं वाघिणीचा जुना फोटो हाय का?"

"वाघिणीचा न्हाय गं. वाघाचा हाय. धाडू का?"

फोटो आला आणि दीपमालानं कपाळावर हात मारला. मोहरमला नवसानं वाघाचं सोंग घेतात, तो वाघ. आत्याचे दीर, अंगभर पिवळेकाळे पट्टे, मागं शेपूट, जीभ बाहेर. हसत हसत तिनं फोटो मोठा केला आणि ताडकन उठलीच. वाघोबा रुळांशेजारी ओणवे झाले होते, आणि बोटं फाकवून पंजा टेकवला होता तो थेट वाघिणीच्या ब्रेकच्या दांड्यावर. मागं चाकं, स्प्रिंगा, सगळं उघडं. तिनं दांडा सरळ केला होता. हा तर मधेच वाकडा होता. तिला नाचावंसं वाटलं.

पण मापं? तिनं पुन्हा फोन लावला.

"आत्या, वाघ घरी हायत का?"

"हायत की. चहा पितायत."

"त्यांची वीत मोजून सांगा."

पलीकडं टेप शोधल्याचा आवाज, कुजबुज, आणि आत्या म्हणाल्या, "नऊ इंच भरली. ते इचारतायत, जीभ बी मोजायची का?"

झालं. वितीवरून दांडा निघाला, दांड्यावरून चाक, चाकावरून अख्खा सांगाडा. एका भावी नगरसेवकाचा बॅनर तसाच ठेवून तिनं भरदुपारी शटर ओढलं. छत्रीची काडी वाकवून दांडा केला, खाली दाबला की चाकाला खरोखर आवळेल असा. पहिल्यांदा आवळला तेव्हा ती एकटीच मोठ्यानं हसली.

संध्याकाळी तिनं वाघीण आप्पांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी पेपरावरून नजर टाकली. "छान..." म्हणेपर्यंत चाकं फिरली आणि वाघीण टेबलाच्या कडेकडं निघाली.

आप्पांच्या हातातला पेपर गळून पडला. त्यांनी डबा धरला नाही. त्यांचं बोट थेट खाली गेलं, न बघता दांड्यावर पडलं आणि त्यांनी तो दाबला. वाघीण जागच्या जागी थांबली.

"ब्रेक न लावता गाडी सोडतीस व्हय?" ते खेकसले. "अक्कल हाय का न्हाय? उतार हाय हितं."

आप्पा तिला जन्मात असं बोलले नव्हते. दीपमालाला इतका आनंद झाला की पुन्हा बोलणी खायला तिनं दांडा हळूच वर उचलला.