अडतीस ग्रॅम

वस्तू आहे तशी ठेवणं मला जमत नाही. बायकोनं खुर्चीचा एक स्क्रू आवळायला सांगितला, तर मी चारही पाय काढून त्यांची उंची मोजतो आणि त्या दिवशी घरातलं कुणीतरी उभ्यानं जेवतं. लेथवर काम करून मला एकतीस वर्षं झाली. हाताला गुण आहे असं लोक म्हणतात. डोक्याबद्दल कुणी काही म्हणत नाही.

अशा माणसानं स्टॉक गटासाठी पिस्टन बनवायला घ्यावेत, हाच मुळात विनोद होता. ड्रॅग रेसमध्ये दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, सरळ पाव मैल सुटतात आणि आधी पोचेल ती जिंकते. त्यातला स्टॉक गट म्हणजे कारखान्यातून गाडी जशी बाहेर पडली तशीच पळवायची. एखादा भाग मोडला आणि कारखान्यानं तो बनवणं बंद केलं असेल, तर बाहेर बनवलेला चालतो, पण त्याला आधी तांत्रिक समितीची मान्यता लागते. अट अशी की तो मूळ भागाहून सरस असता कामा नये. हलका तर मुळीच नको, कारण हलक्या पिस्टननं गाडी जास्त पळते. गवयाला 'बेसूर गा, पण नेमका एवढाच बेसूर' असं सांगावं, तसं मला वाटलं.

तरी घेतलं, ते ताईसाठी. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी, दातांची डॉक्टर, आणि बाबांची जुनी गाडी गेली नऊ वर्षं तीच शर्यतीत चालवते. गेल्या हंगामात इंजिनातल्या आठांपैकी एक पिस्टन तडकला. त्या मॉडेलचे पिस्टन आता कुठेच मिळत नाहीत. समितीची मान्य भागांची यादी वर्षातून एकदाच निघते. तीत आमचा पिस्टन नसला, तर गाडी यंदा घरीच उभी राहणार होती. आणि बाबा ब्याऐंशी वर्षांचे. पुढच्या हंगामाबद्दल आमच्यात कुणी बोलत नव्हतं.

त्या गटाचा विक्रम बाबांच्या नावावर होता: बारा सेकंद सतरा शतांश, तीस वर्षांपूर्वीचा. मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्या माणसालाही बाबा ती शर्यत ऐकवत. दिवा हिरवा व्हायच्या आधी श्वास कसा रोखला, दुसरा गिअर किती उशिरा टाकला, सगळं. ताईला तो विक्रम मोडायचा होता, आणि तोही बाबांच्या डोळ्यांदेखत.

मी धडक्या सातांतला एक पिस्टन मूळ नमुना म्हणून टेबलावर घेतला. आतून पाहिला आणि पाहतच राहिलो. पोटातला धातू इतक्या निगुतीनं काढलेला, आतली कड हलकीशी तिरकी घासून बोटाला मऊ केलेली. मी ताईला हाक मारली.

"बघ, तेव्हाचे कारागीर! इथे आत कोण बघणार होतं? तरी केलंय."

"रडू नकोस आता," ताई म्हणाली.

मी हुबेहूब नक्कल केली. आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या कामात स्वतःची अक्कल घातली नव्हती, अशी माझी समजूत होती. नवा पिस्टन, त्यातली नवी पिन, जुना पिस्टन आणि अकरा पानांचा अर्ज मी समितीला पाठवला. अर्ज खरं तर एका पानाचा असतो. उरलेल्या दहा पानांत मी आमच्या गाडीचा इतिहास लिहिला होता. त्यातलं 'हे इंजिन आजवर आमच्या घराबाहेर कधीही उघडलेलं नाही' हे वाक्य अधोरेखित केलं होतं.

तीन आठवड्यांनी समितीच्या तपासनीसबाईंचा फोन आला.

"तुमची नक्कल अगदी तंतोतंत आहे," त्या म्हणाल्या. माझी छाती फुगली. "पण तुम्ही नमुना म्हणून पाठवलेला पिस्टन मूळ स्थितीत नाही. कारखान्याचाच आहे, पण आतून कोरलाय. अडतीस ग्रॅम हलका आहे. त्यामुळे तुमचाही तेवढाच हलका झालाय."

"नाही हो, ते कारखान्याचंच काम आहे. एवढं सुबक—"

"कारखाना आतली बाजू खडबडीतच सोडायचा. माझ्यासमोर मूळ पिस्टनचा नकाशा आहे. इथे लेथच्या रेषा दिसतायत. आणि कडेला ती तिरकी घासणी. तशीच घासणी तुमच्या नव्या पिनच्या टोकालाही आहे. नकाशात तीही नाही. ती तुम्ही का केलीत?"

"सवय आहे," मी म्हणालो, आणि खाली बसलो.

मी ज्याचं कौतुक करत होतो तो कारागीर मीच होतो.

बाबांनी तीस वर्षांपूर्वी मला पिस्टनवरची काजळी खरवडून ते धुऊन ठेवायला सांगितलं होतं, बस. मी बावीस वर्षांचा, लेथ नुकताच हाताशी आलेला, हात शिवशिवत होते. नियमांचं पुस्तक घरात होतं, पण मला वाचण्यापेक्षा करणं आवडायचं. आठही पिस्टन मी पोटातून हलके केले. बाबा नको म्हणतील म्हणून सांगितलं नाही. पुढच्या रविवारी विक्रम झाला. तपासणाऱ्यांनी बॉनेट उघडून वरवर पाहिलं, आणि बाबा गाडीतून उतरले ते रडतच. त्यांना त्या दिवशी काय सांगणार? मग सांगायचं राहूनच गेलं, आणि खोटं वाटेल, पण पुढे मी ते विसरलो. त्या वयात मी दर आठवड्याला काहीतरी सुधारत असे, कुठलं कुठलं लक्षात ठेवणार?

तपासनीसबाईंना नकाशाप्रमाणे नवा पिस्टन हवा होता. शिवाय जुने कुणी आणि केव्हा कोरले, याचं सहीनिशी निवेदन. त्याशिवाय अर्ज पुढे जाणार नव्हता.

मी ताईच्या दवाखान्यात गेलो. दोन पेशंटांच्या मधे तिनं सगळं ऐकलं.

"म्हणजे मी नऊ वर्षं तेच पिस्टन घालून पळवतेय?"

"हो."

"लोक फसवून जिंकतात रे. मी फसवून हरतेय!" ती हसली, मग हसायची थांबली. "कुणी केलं ते माहीत नाही म्हणून लिही."

"इंजिन घराबाहेर उघडलेलं नाही असं मीच लिहून बसलोय. अधोरेखित करून. मग घरातलं कोण? संशय बाबांवरच जाईल."

"आणि तुझं नाव लिहिलंस तर?"

"बाबा निर्दोष सुटतील. पण विक्रम जाईल."

ताई हातमोजे काढत राहिली. "अर्ज मागे घे. मला नाही पळवायची गाडी."

मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या वाटण्याची भयंकर लाज वाटली. नऊ वर्षं दर रविवारी हातांना ग्रीस लावून घेणारी बाई माझ्या घोळापायी घरी बसणार, आणि मी सुटकेचा श्वास टाकतोय. तिथून मी तडक बाबांकडे गेलो. वाटेत थांबलो असतो तर गेलोच नसतो.

बाबा खिडकीशी चष्मा पुसत बसले होते. "यादी आली का रे?"

"नाही. बाबा, तुमच्या विक्रमाच्या वेळी मी पिस्टन आतून कोरले होते. तुम्हाला न सांगता." बाकीचं मी एका दमात सांगून टाकलं.

"किती काढलंस?"

"अडतीस ग्रॅम."

"आठही?"

"आठही."

ते ओरडतील म्हणून मी तयारीत होतो. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला आणि म्हणाले, "ते निवेदन लिहून आण. चालक म्हणून मीही सही करतो. पोरीची गाडी अडकायला नको."

नवा पिस्टन मी कारखान्याच्या नकाशाप्रमाणे केला, खडबडीत, कडा तशाच ठेवून, आणि गाडीसाठी तसेच आणखी सात. हात मागे बांधून घ्यावेत असं होत होतं.

सव्वा महिन्यानं समितीचं पत्रक आलं. पहिल्याच पानावर मान्य भागांची यादी होती, आणि तीत आमचा पिस्टन, माझ्या वर्कशॉपच्या नावासकट. ताई खाली गाडी ट्रेलरवर चढवत होती, परवा पहिली शर्यत होती. बाबांनी मला पत्रक वाचायला सांगितलं. मी पहिलं पान वाचलं.

"पुढचं?"

"पुढे विशेष काही नाही, बाबा."

"चौथं पान वाच. ताईनं सांगितलंय मला."

मी वाचलं. स्टॉक गटाचा विक्रम रद्द. कारण, बदललेले पिस्टन. चालकाला कल्पना नव्हती. ते शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं.

"गाडी तुम्हीच चालवली होती, बाबा," मी म्हणालो. "दुसरा गिअर काही मी टाकला नव्हता. कदाचित त्या पिस्टनांशिवायही विक्रम झाला असता."

"असेलही," बाबा म्हणाले. त्यांनी माझ्या हातातून पत्रक घेतलं आणि स्वतः एकदा ते पान पाहिलं. "तो माझ्यामुळेच झाला, अशी तीस वर्षं मला खात्री होती. आता मलाही कधी कळणार नाही."