ग्रिझेलचा आवाज

ग्रिझेल टॉड मासे विकायला निघाली की एडिंबराच्या त्या उंच उंच चाळींत कुणी झोपून राहील अशी सोय नव्हती. पाठीवर हेरिंगची टोपली, आणि घसा असा की वरच्या मजल्यावरच्या म्हातारीनं दचकून उठावं. ही बाई पायाची बोटं कापली जात असताना हूं की चूं करत नाही, यात काहीतरी गोम आहे हे निनियन गॅरोला कळायला हवं होतं. कळलं होतंच म्हणा. तेच तर वाईट.

निनियन डॉक्टरकी शिकत होता आणि इस्पितळात प्रोफेसर डलगार्नोंच्या हाताखाली जखमा बांधत होता. त्या हिवाळ्यात ईथरची नवलाई आली. वाफ हुंगायची, झोपायचं, जागं व्हावं तोवर कापाकापी आटोपलेली! डलगार्नोंनी काचेचं यंत्र बनवून घेतलं, त्यांना पाण्यात पाहणारे झाडून सगळे डॉक्टर बोलावले आणि भरल्या दालनात विचारलं, "आधी कोण?"

"आपला गॅरो की!" मागून एक टारगट ओरडला. "काल खानावळीत केवढ्या बढाया मारत होता!"

निनियनची दाढ किडलेलीच होती. आता माघार कशी घेणार? तो जाऊन खुर्चीत बसला.

भांड्यात ईथरनं भिजलेला स्पंज, त्याला नळी, नळीला लाकडी तोटी. तोटी दातांत धरून त्यानं श्वास ओढला. डोकं जरा गरगरलं, बस्स. खोली गारठलेली, नळीचा सांधा सैल. निम्मी वाफ बाहेरच जात होती. तेवढ्यात सरांनी तोटी काढून चिमटा आत घातला आणि निनियनला ब्रह्मांड आठवलं.

त्यानं ओरडायला हवं होतं. पण सर पाहुण्यांना सांगत होते, "बघा, कसा मढ्यासारखा पडलाय!" आता सरांचं नाक कापायचं? पुढच्या वर्षी त्यांचा मुख्य मदतनीस व्हायचं होतं त्याला. पठ्ठ्या डोळे मिटून पडून राहिला. दाढ निघाली आणि पोरांनी बाकांखाली पाय आपटून दालन दणाणून सोडलं.

मग ग्रिझेलला आणली. पायावरून गाडीचं चाक जाऊन तिची बोटं सडली होती. तिनं निनियनला खुणेनं जवळ बोलावलं.

"लेकरा, दाढ काढून घेतलेला तूच ना? ही बडी माणसं काय, काहीही सांगतील. तू खरं सांग. दुखलं?"

सर ऐकत होते.

"छे गं मावशी! मला तर पत्तासुद्धा लागला नाही."

तिनं मान डोलावली आणि तोटी तोंडात घेतली.

वाफ तोंडानंच ओढली जावी म्हणून तिचं नाक चिमटीत धरून निनियनच उशाशी उभा होता. सुरी फिरली तसं तिच्या बंद डोळ्यांतून पाणी निघालं आणि कानात उतरलं. ईथर डोळ्यांना झोंबतं, त्यानं स्वतःची समजूत घातली. 'थांबा' एवढा एक शब्द बोलायचा होता. नाही बोलला. नंतर यंत्र धुताना त्याला लाकडी तोटीवर दातांचे खड्डे दिसले. बोटाचं टोक रुतावं इतके खोल. तो खड्डे चाचपत उभा राहिला, आणि धरणी पोटात घेईल तर बरं असं त्याला झालं.

दुसऱ्या सकाळी तो तिची पट्टी बदलायला गेला. शेजारच्या खाटेवर इझोबेल नावाची शिवणकाम करणारी पोरगी होती. तिचा हात आज कोपरापासून काढायचा होता.

"काकी, दुखतं का हो?" तिनं ग्रिझेलला विचारलं.

"मला नको विचारूस बाई. याला विचार."

निनियन खाली वाकून पुटपुटला, "मावशी, ओरडली का नाहीस?"

"कशी ओरडू?" ती हळूच म्हणाली. "एवढासा तू, मुकाट पडून राहिलास म्हणे. मला वाटलं औषध सगळ्यांना लागू पडतंय, माझ्याच अंगात काहीतरी खोट. मी बोंबलले असते तर म्हणाले असते, कोळीणच ती, हिला कसला धीर! लाज वाटली रे."

तेवढ्यात डलगार्नो पोरांचा घोळका घेऊन आले. "काय गॅरो, या मुलीला सांग की तुझा अनुभव."

इझोबेल त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"दुखलं होतं, सर. मला सगळं कळत होतं. या मावशींनाही. यंत्र गळतंय."

कुणीतरी फिसकन हसलं. डलगार्नोंचा चेहरा लाल झाला. "शुद्धीवर आहेस का तू?"

"तेव्हाही होतो, सर."

हसणं थांबलं. डलगार्नोंनी ग्रिझेलकडे पाहिलं. "बाई, हा म्हणतोय ते खरं?"

ग्रिझेलनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि कालपासून दाबून धरलेलं सगळं एकदम बाहेर आलं. मासे विकतानाचा तोच आवाज, पण शब्द एक नाही. खालच्या मजल्यावरचे रखवालदार धावत वर आले. इझोबेलनं भिऊन कान झाकले.

"ते यंत्र आणा इकडे," डलगार्नो हलक्या आवाजात म्हणाले. "हिचा हात आज काढायचा नाही."

पोरं यंत्र आणायला पळाली. ग्रिझेल रडतच होती. निनियन तिच्या पायाशी अर्धवट सुटलेली पट्टी हातात धरून उभा होता. ती गुंडाळायची तर तिच्या पायाला हात लावायला हवा होता, आणि तो आता कोणत्या तोंडानं लावायचा, ते त्याला कळेना.