शेजारच्या सीटवरचा ब्रेक

नोटीस आली त्या दिवसापासून घरात सगळ्यांना माझं लायसन्स रस्त्यावर सापडल्यासारखं वाटायला लागलं. सगळ्यांना म्हणजे दोघांना, आईला आणि माझ्या धाकट्या भावाला. भाऊ चौतीस वर्षांचा आहे, टक्कल पडायला लागलंय, पण घरात त्याचं नाव अजून ‘बाळ’.

मी गाडी शिकवते. एकोणीस वर्षं झाली. शेकडो माणसांना क्लच सोडायला शिकवलं, त्यातले निम्मे पहिल्या दिवशी रडकुंडीला आले, आणि माझ्या लायसन्सवर आजवर दंडाचा एक पॉइंट नाही. माझ्या गाडीत शेजारच्या सीटपुढे दुसरा ब्रेक आहे. शिकणारे माझ्यामागे मला ‘ब्रेकबाई’ म्हणतात. म्हणू देत. त्या ब्रेकमुळे त्यांच्यातले किती जण शाबूत घरी गेले, ते मला माहीत आहे.

त्या रविवारी मी तापाने अंथरुणात होते. बाळने न विचारता किल्ली उचलली आणि माझी गाडी काढली. टपावरची शिकाऊची पाटीसुद्धा उतरवली नाही. चुंबकाची पाटी, हाताने ओढली की निघते, पण तेवढे तरी कष्ट कोण घेणार! दवाखान्यासमोरच्या चौकात, जिथे तीसच्या वर जायचं नाही तिथे, साठच्या पुढे काटा नेऊन हा लाल सिग्नल तोडून गेला. कॅमेऱ्याने मागून फोटो काढला. नोटिशीवर तो काडेपेटीएवढा काळा-पांढरा छापून आला होता. त्यात माझा नंबर, माझी पाटी, आणि कोपऱ्यात झेब्रा पट्ट्यांवर एक पाऊल टाकलेली बाई. तिची बाबागाडी तिने दोन्ही हातांनी मागे खेचली होती. त्या बाईकडे मी रोज बघायचे आणि रोज नव्याने संतापायचे.

कायदा साधा आहे. पंधरा दिवसांत मालकाने कळवायचं, गाडी कोण चालवत होतं. नाही कळवलं तर मालकच चालवत होता असं धरतात. साध्या चालकाचं लायसन्स सहा महिने जातं. शिकवणाऱ्याचं शिकवायचं लायसन्स कायमचं जातं. हा नियम मला कधी जाचक वाटला नाही, आजही वाटत नाही. जो दुसऱ्याला लाल दिवा शिकवतो त्याने तो तोडला तर त्याला माफी कसली?

“ताई, तुझं लायसन्स कोरं आहे गं,” बाळ म्हणाला. “एकदा सांभाळून घे. पुढच्या महिन्यात माझी सिटीबसची मुलाखत आहे.”

“सिटीबस? साठ माणसं मागे बसवून?”

“तेव्हा मी नीट चालवीन ना!”

मी हातातला कप आपटला. कान तुटला त्याचा. आई लगेच फडकं घेऊन आली, जणू मुद्दा सांडलेल्या चहाचाच होता.

“गाडीत आणखी कोण होतं?” मी विचारलं.

“कोणी नाही. एकटाच गेला होता,” आईने परस्पर उत्तर दिलं. “आणि तुझं काय, तू कुठेही निभावून नेशील. त्याचं पहिल्यांदाच काही जमतंय.”

हे वाक्य मी सात वर्षांची असल्यापासून ऐकते आहे. माझी सायकल त्याला मिळाली तेव्हा हेच, खिडकीजवळची खोली त्याला गेली तेव्हा हेच. मी निभावते, म्हणून मलाच निभावायला लावायचं. चांगला न्याय आहे!

मी त्याच दिवशी फॉर्मवर बाळचं नाव लिहिलं. पण द्यायला गेले नाही. तो स्वतः जाऊन सांगेल असं मला वाटत होतं. मूर्ख मी! चौदा दिवस आई माझ्याशी धड बोलली नाही, आणि बाळ माझ्यासमोर बसून मुलाखतीच्या बुटांना पॉलिश करत राहिला. पंधराव्या दिवशी सकाळचे दोन धडे उरकून मी वाहतूक कार्यालयात गेले.

काउंटरवरच्या कारकुनाने फॉर्म वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. पडद्यावर तोच फोटो होता, पण मोठा आणि रंगीत.

“बाई, पाटीवरचा दिवा बघा.”

माझ्या पाटीच्या कोपऱ्यात एक छोटा निळा दिवा आहे. तो शेजारच्या ब्रेकला बिनतारी जोडलेला असतो. परीक्षेच्या वेळी मागून येणाऱ्या परीक्षकाला कळावं, की गाडी शिकणाऱ्याने स्वतः थांबवली की बाईंनी. पडद्यावर तो दिवा लख्ख लागलेला होता.

“शेजारी कोणीतरी होतं, आणि त्याने ब्रेक दाबलाय,” कारकून म्हणाला. “पाटी लावलेल्या गाडीत शेजारी बसतो तो शिकवणारा. म्हणजे कायद्याने तुम्ही.”

“मी घरी तापाने पडले होते.”

“मग जो होता त्याचं नाव आणि सही आणा. पाचपर्यंत. नाहीतर मला तुमचं नाव घालावं लागेल.”

मला नाव शोधावं लागलंच नाही. दर आठवड्याला मी आईला गुडघ्याच्या व्यायामासाठी याच गाडीतून नेते. ती शेजारी जीव मुठीत धरून बसायची, म्हणून मीच तिला एकदा सांगितलं होतं, “भीती वाटली तर हा दाब, गाडी थांबेल.” बाळला त्या ब्रेकचं काही पडलेलं नव्हतं, आणि दिव्याचं तर दोघांनाही माहीत नव्हतं.

घरी पोचले तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. आई टेबलाशी मटार सोलत होती, बाळ समोर जेवत होता. मी मटारचं ताट बाजूला सारलं आणि फॉर्म ठेवला.

“तू गाडीत होतीस.”

“मी? मी कशाला...”

“आई, तू ब्रेक दाबलास. फोटोत दिसतंय!”

फोटोत पाय कसा दिसेल, हे विचारायचंही तिला सुचलं नाही. तिने हातातली शेंग खाली ठेवली.

“तुला समोरची बाई दिसली, बाबागाडी दिसली. तू घाबरलीस. आणि तरी पंधरा दिवस माझ्या तोंडावर खोटं बोललीस. माझं आयुष्यभराचं काम जाणार आहे, कळतंय तुला?”

“ताई, आवाज खाली,” बाळ म्हणाला.

“तू जेव!”

आई फॉर्मकडे बघत होती. ती बोलली, पण माझ्याशी नाही, टेबलाशी बोलल्यासारखं. “दोनदा दाबला मी. दुसऱ्यांदा गाडी जरा अडखळली पण. हा ओरडला, आई, पाय काढ!”

“मग?”

“मग काढला.”

मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं, आणि त्याच क्षणी रडूही आलं. रडले मात्र नाही. तिच्यापुढे पेन ठेवलं.

“तुझ्याही नावावर दंड लागेल,” मी सांगितलं. “पाटी लावलेल्या गाडीत परवाना नसताना त्या सीटवर बसलीस म्हणून. तुला फसवून सही घेत नाहीये मी.”

तिने पेन उचललं आणि रकान्यावर टेकवलं.

“आई, पेन ठेव!” बाळ ओरडला. खुर्ची मागे पडली त्याची. “माझी नोकरी जाईल! ठेव म्हणतो ना!”

आईचा हात उचलला गेला. कागदापासून बोटभर वर. तिने विचार केला नव्हता, हात आपोआप वर गेला होता. चौकात पाय असाच गेला असणार.

“आई,” मी म्हणाले, “या वेळी काढू नकोस.”

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. बाळ धापा टाकत उभा होता. आईने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्याकडे जरा जास्त वेळ. मग हात खाली आला आणि तिने सही केली. सावकाश, पूर्ण नावाची, शाळकरी अक्षरात.

मी फॉर्म उचलला, खाली जाऊन टपावरची पाटी काढली आणि मागच्या सीटवर टाकली. किल्ली फिरवणार तेवढ्यात आई गुडघे धरत जिना उतरून आली आणि दार उघडून शेजारी बसली.

“तू कशाला?”

“विचारतील ना तिथे, सही कोणाची म्हणून,” ती म्हणाली. पट्टा तिने स्वतःच लावला.

राग अजून होताच, तो एका सहीने जाणारा नव्हता. दवाखान्याच्या चौकात सिग्नल पिवळा झाला. मी वेग कमी करायला गेले, पण त्याआधीच माझ्या पायाखालचं पेडल आपोआप खाली गेलं होतं. तिने दाबलं होतं. गाडी पट्ट्यांच्या अलीकडे थांबली, दिवा लाल झाला, माणसं रस्ता ओलांडू लागली.

“काढू का पाय?” आईने विचारलं.

“नको,” मी म्हणाले. “असू दे.”