तिसऱ्या भागाची जागा

भिलाईच्या वैशाली नगरात केवलराम कापगतेच्या घरी शोकेसमध्ये एक जागा सोळा वर्षांपासून रिकामी होती. जागा किती, तर दोन बोटं. पण त्या दोन बोटांवरून त्या घरात जेवढी भांडणं झाली, तेवढी गावाकडं वावराच्या धुऱ्याबांधावरूनही होत नाहीत. बायकोनं, सिंधुताईनं, तिथं एकदा हळदीकुंकवाची डबी ठेवली, एकदा स्वतःच्या बीपीच्या गोळ्या ठेवल्या, अन् दोन्ही वेळा केवलरामनं घर डोक्यावर घेतलं.

"तिसरा भाग येणार आहे तिथं!"

"पोरीचं लग्न झालं, नातू शाळेत जाऊन राहिला, तुमचा तिसरा भाग काही येऊन नाही राहिला," सिंधुताई म्हणायच्या. "दोन बोटं जागेले काय चाटायचं आहे का?"

तर हा तिसरा भाग म्हणजे 'धुंधपुर जंक्शन'चा. एक्याण्णव साली ही हिंदी मालिका दर बुधवारी रात्री नऊला टीव्हीवर लागायची. एकोणचाळीस भाग. धुक्यात बुडालेलं स्टेशन, पहिल्याच दिवशी स्टेशन मास्तरचा खून, अन् तारयंत्रावर नवी आलेली धीट पोरगी, गुंजन. खुनी कोण, ह्यावर अख्ख्या टाऊनशिपमध्ये पैजा लागल्या होत्या. पुढं लोकं विसरले. हा गडी नाही विसरला. सोळा-सतरा वर्षांनी मुंबईच्या एका कंपनीनं तेरा तेरा भागांचे दोन डीव्हीडी डबे काढले तेव्हा त्यानं ते सुपेल्याच्या बाजारातून असे घरी आणले की नवरी आणली जणू. डब्यांच्या कडेवर चित्र होतं: पहिल्यावर इंजिन, दुसऱ्यावर डबे. तिसऱ्यावर गार्डाचा डबा येणार, म्हणजे शेजारी शेजारी ठेवले की गाडी पूर्ण. गार्डाचा डबा काही आला नाही. आता मला सांगा, ज्या माणसानं चौतीस वर्षं पोलादाच्या प्लांटात काढली, त्याला गार्डाशिवाय गाडी रोज डोळ्यासमोर दिसत असेल तर त्याचं डोकं ठिकाणावर राहील का?

त्यानं कंपनीला पत्रं लिहिली. एकदाच उत्तर आलं: 'तकनीकी कारणों से विलंब हो रहा है। आपके सहयोग की अपेक्षा है।' ते वाक्य केवलरामला पाठ होतं. कुणी चहा उशिरा आणला तरी तो ते दात ओठ खात म्हणून दाखवायचा.

मग त्यानं समिती काढली. भिलाईचा, युनियनमध्ये मुरलेला माणूस, त्याला दुसरं सुचणार काय! 'धुंधपुर जंक्शन संघर्ष समिती', व्हॉट्सॲपवर दोनशे चौदा मेंबर, महासचिव केवलराम कापगते. मागणीपत्रक निघालं, काळ्या फिती लावून फोटो निघाले, एक दिवसाचं लाक्षणिक उपोषणही झालं, ज्यात एकानं सकाळी दहालाच समोसा खाताना स्वतःचा फोटो टाकला. मग फूट पडली. एक गट म्हणे, आधी तिसरा भाग द्या. दुसरा म्हणे, पहिल्या दोन डब्यांतली गाणी कापली आहेत, तिन्ही नव्यानं द्या. कंपनीला दोन्ही गटांचा पत्ता नव्हता, पण गट एकमेकांना कंपनीचे दलाल म्हणू लागले.

राजनांदगावचा हेमराज नावाचा मेंबर तर भलतंच बोलला. म्हणे, मी शेवटचा भाग तेव्हा पाहिला आहे, शेवटी गुंजनच खुनी निघते, तिच्या हातात बेड्या पडतात. केवलरामनं त्याला त्याच मिनिटाला ग्रुपमधून काढलं. कारण लिहिलं: शिस्तभंग.

कारण शेवट काय आहे ते केवलरामला पक्कं ठाऊक होतं. खुनी म्हणजे स्टेशनातला पार्सलबाबू. अन् गुंजन त्या स्टेशनची मास्तर होते, शेवटच्या गाडीला हिरवी झेंडी दाखवते, गाडी धुक्यातून निघते. संपलं. हा शेवट त्यानं स्वतः पाहिला नव्हता. त्याला तो चार्जमध्ये मिळाला होता.

चार्ज म्हणजे काय ते प्लांटातल्याला विचारा. केवलराम ब्लास्ट फर्नेसवर, लोखंड वितळवायच्या भट्टीवर. सेकंड शिफ्ट संपायची दहाला, अन् त्याला सोडवायला यायचा नाईट शिफ्टचा बाबाराव. जाणारा येणाऱ्याला सांगणार: पाणी कुठं कमी आहे, कुठं गरम वाटून राहिलं, कुठं पाय ठेवायचा नाही. येणारा ऐकणार, सही करणार. चार्जमध्ये कुणी खोटं बोलत नाही, कारण तिथं खोटं बोललं तर माणूस जळतो. ज्या बुधवारी केवलराम सेकंड शिफ्टला असायचा, त्या बुधवारी चार्ज दोन्हीकडून व्हायचा. केवलराम भट्टी सांगायचा अन् बाबाराव साडेनऊपर्यंत घरी पाहून, सायकल हाणत येऊन, त्या दिवसाचा भाग सांगायचा.

एकोणचाळिसावा भाग लागला त्या बुधवारी केवलराम सेकंड शिफ्टला होता. तीनच दिवस आधी त्याच्या पोरीचं बारसं झालं होतं. आत्यानं वंदना नाव काढलं होतं, ते बाजूला सारून ह्यानं सगळ्यांदेखत 'गुंजन' ठेवलं अन् पूर्ण फर्नेसवर पेढे वाटले. त्या रात्री बाबारावनं चार्ज दिला: "तुह्यी गुंजन स्टेशन मास्तर झाली, गड्या."

केवलराम तिथंच नाचला होता.

मग ती पोर हेच ऐकत मोठी झाली. इतर पोरींना परीची गोष्ट, हिला हिरव्या झेंडीची. शाळेच्या वेशभूषेत स्टेशन मास्तर, चित्रकलेच्या वहीत स्टेशन. परीक्षा देत देत खरंच रेल्वेत लागली, अन् आता भिलाई-३ नावाच्या स्टेशनावर मास्तर आहे, शिफ्टमध्ये. केवलरामची छाती तेव्हापासून जी फुगली ती उतरलीच नाही. पण त्याला एकच लागून राहिलं होतं. ती झेंडीची जागा पोरीला दाखवायची, डोळ्यांनी. म्हणायचं, हे पाह्य, ही तू. सत्तरी जवळ आली, मागच्या साली छातीत दोन स्टेंट बसले, तेव्हा स्ट्रेचरवरही तो सिंधुताईला म्हणाला होता, "तिसरा भाग आला तर घेऊन ठेवजो."

ह्या सगळ्यात एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. बाबाराव समितीचा मेंबर होता, पण त्यानं एकाही निवेदनावर सही केली नाही. कधी चष्मा घरी राहायचा, कधी हात दुखायचा.

अन् मग मार्चमध्ये सुपेल्यातल्या अतुलचा फोन आला. त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान. माळा साफ करताना वडिलांनी भरलेली एक व्हिडिओ कॅसेट सापडली होती, वर लिहिलेलं, 'धुंधपुर, आखरी.' त्यानं ती पेन ड्राइव्हवर उतरवून दिली. केवलरामनं दुकानातूनच ग्रुपवर टाकलं: 'साथियो! विजय! रविवार शाम को अंतिम भाग समूह पर।' सगळ्यांनी मिळून एवढे हार, फटाके अन् हात जोडलेले पाठवले की फोन गरम झाला.

बाबाराव धापा टाकत घरी आला. "केवल, जुन्या कॅसेटीले बुरशी राह्यते. तुह्या टीव्हीची वाट लागंन."

"पेन ड्राइव्ह आहे बे, बुरशी कुठून येते त्याच्यात?"

"तुले शेवट तर माहीत आहे ना? मंग कावून पाहतं?"

"पोरीले दाखवाले! अन् तू पण येशील. तूच तर चार्ज दिल्ता."

बाबाराव निघाला. उतरताना पायरी चुकला.

रविवारी दुपारी जमले. सिंधुताईनं सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, तळली. गुंजन पांढऱ्या युनिफॉर्ममध्येच आली, चारला ड्यूटी होती. बाबारावला केवलरामनं स्कूटरवर मागं बसवून जवळजवळ उचलूनच आणला होता. तो दाराजवळच्या खुर्चीत बसला, वडी हातात धरून, खाईना.

टीव्हीवर धुकं आलं. चित्र थोडं थरथरत होतं, पण आवाज स्वच्छ. पार्सलबाबू आला, रडला, निर्दोष सुटला. केवलराम म्हणाला, "आता पलटते पाह्य." खरंच पलटलं. इन्स्पेक्टर तारयंत्राच्या खोलीत शिरला, अन् गुंजननं मान वर न करता दोन्ही हात पुढं केले. खून तिनंच केला होता, बदलीच्या अर्जावरून, थंड डोक्यानं. बेड्या पडल्या. तिला गाडीत बसवलं. हिरवी झेंडी होती, पण ती दाखवली कुण्या एका हमालानं. गाडी धुक्यात गेली, नावं वर सरकू लागली.

सिंधुताई हळूच म्हणाल्या, "अगं माय."

केवलराम उठला. टीव्ही बंद केला, परत लावला, परत बंद केला. मग वळला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता अन् आवाज फाटला होता. "बाबाराव, मी तुह्या एका शब्दावर धगधगत्या भट्टीजवळ पाय ठेवला आहे रे. चौतीस वर्षं. तू चार्जमध्ये खोटं बोलला?"

"एकदाच," बाबाराव म्हणाला. त्याची वडी खाली पडली होती. "मी सायकलवर येऊन राहिलो होतो, अन् तू भट्टीच्या जिन्यापाशीच पेढ्याचा डबा घेऊन उभा. पोरगी पंधरा दिवसांची. तुले काय सांगू, तू पोरीचं नाव खुनी बाईवर ठेवलं म्हणून? तुह्या मायनं मंग त्या लेकराले कसं पाह्यलं असतं? माह्या तोंडातून ते झेंडीचंच निघालं. मंग दरसाली वाटलं, आता सांगावं. मंग ही पोर झेंडी घेऊन फिरू लागली." त्यानं डोळे पुसले. "तुह्या कंपनीले मी सोळा वर्षं मनातल्या मनात हात जोडून राहिलो, बाप्पा, नको काढू."

केवलराम पलंगावर बसला. त्याला रडू येत होतं अन् बाबारावला दोन थोबाडीतही द्यावीशी वाटत होती. पोरीकडं पाहायची तर त्याची हिंमतच होईना.

गुंजन कोरा टीव्ही पाहत होती. मग ती हसली, पण डोळे भरलेले होते. "बाबा, मी बारावीत होती तवा निघणार होता ना तिसरा भाग?"

"हो. दोन हजार नऊ."

"मले रेल्वेच्या मेडिकलले पहिल्या वेळी परत पाठवलं होतं, याद आहे? मी घरी येऊन म्हटलं होतं, नाही होत माह्याच्यानं. तवा तुम्ही काय म्हटलं होतं?"

केवलरामला आठवत होतं. तो म्हणाला होता, नावातच आहे तुह्या, तू होशीलच.

"तो डबा शोकेसमध्ये असता तर तुम्ही हे म्हटलं असतं का?" तिनं घड्याळ पाहिलं, पर्स उचलली, अन् जाताना बाबारावपाशी थांबून त्याच्या पाया पडली. "चार्ज बरोबर दिल्ता काका तुम्ही. मी सही करून राहिली. चला, उशीर झाला तर तिकडं चार्ज देणारा माणूस मले शिव्या घालंन."

ती गेली. फोन टेबलावर सारखा थरथरत होता. 'महासचिव जी, कितनी देर?' 'सोलह साल रुके हैं, अब नहीं रुका जाता।' 'लिंक!! लिंक!!' केवलरामनं चष्मा चढवला. आधी त्यानं राजनांदगावच्या हेमराजचा नंबर काढला, बराच वेळ पाहिला, अन् तसाच सोडून दिला. मग एका बोटानं, एक एक अक्षर शोधत, ग्रुपवर लिहिलं: 'तकनीकी कारणों से विलंब हो रहा है। आपके सहयोग की अपेक्षा है।'

मग असा भडका उडाला की काय सांगू. दलाल, गद्दार, कंपनीचा माणूस, महासचिव मुर्दाबाद. बाबाराव खांद्यावरून वाचत होता.

"लय शिव्या पडून राहिल्या रे, केवल."

"पडू दे," केवलराम म्हणाला. त्यानं पेन ड्राइव्ह काढून खिशात घातला अन् स्वयंपाकघराकडं तोंड करून ओरडला, "अवं, तुह्या बीपीच्या गोळ्या कुठं आहेत? आण, शोकेसमध्ये ठिवून देतो. जागा आहे तिथं."