मी खरखरत होतो तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना फ्लॉपी ड्राइव्ह आहे आणि मी रागावलेलो आहे. म्हातारपणी सगळेच चिडचिडे होतात, असं म्हणून तुम्ही हसाल. खुशाल हसा, पण आधी माझं ऐकून घ्या. त्या दिवशी तेवढंच कोणी केलं नाही.

मी म्हणजे विटेएवढा जाड पत्र्याचा डबा. कॉम्प्युटरच्या शेजारी बसायचं आणि पुढच्या फटीत फ्लॉपी घातली की तिच्यातलं वाचून त्याला सांगायचं, हे माझं काम. फ्लॉपी म्हणजे काळ्या पाकिटात बसवलेली पातळ, तपकिरी चकती. ती गरगर फिरते आणि माझ्या पोटातलं इवलंसं हेड तिच्या अंगाला टेकून वाचतं. लांबून नाही, टेकून. पुढचं सगळं रामायण त्या टेकण्यातूनच घडलं.

कारखान्यातून निघालो तो थेट एका स्वेटरच्या कारखान्यात आलो. कारखाना कसला, तळमजल्यावरच्या दोन खोल्या. एकीत लोकरीचे गुंडे छतापर्यंत रचलेले, दुसरीत विणायचं लांबलचक यंत्र. मालकीणबाई पडद्यावर एकेक चौकोन भरत नक्षी काढायच्या. पानं, मासे, उडणारे बगळे. मी ती फ्लॉपीवर उतरवून ठेवायचो. हवी तेव्हा वाचून द्यायचो, की यंत्र खटाखट विणायला लागायचं. "माणसं विसरतात, माझा डबा विसरत नाही," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. उरलेल्या लोकरीचं एक झाकणही त्यांनी माझ्यासाठी विणलं होतं. काय ऐट होती तेव्हा माझी.

मग बाई गेल्या. स्वस्त, तयार स्वेटर घेणाऱ्यांनी आमच्याकडे पाठ फिरवली. माझ्यावर लोकरीची पोती आली आणि फ्लॉप्यांचा खोका ओल आलेल्या भिंतीला टेकून पडला. त्याचा मला राग नाही. वाईट दिवस कोणावर येत नाहीत?

राग आहे तो पुढच्या गोष्टीचा. डोंगरावरच्या एका शाळेला छातीवर बगळ्यांची रांग असलेले जुन्या पद्धतीचे स्वेटर हवे होते, तेही थंडीच्या आत. बाईंच्या दोन्ही मुलींचे चेहरे उजळले. थोरली व्यवहार बघायची, धाकटी यंत्र चालवायची. मला बाहेर काढलं, पुसलं, जोडलं. तेवढ्यात थोरलीचे यजमान आले.

"सरका, मला कळतं यातलं," ते म्हणाले.

त्यांनी खोक्यातली सगळ्यात वरची फ्लॉपी उचलली. तिच्या चकतीवर पांढुरके ठिपके होते. ती बुरशी होती. उजेडात धरली असती तर आंधळ्यालाही दिसली असती. त्यांनी ती तशीच माझ्या तोंडात कोंबली. चकती फिरली आणि सगळी घाण माझ्या हेडला चिकटून घट्ट बसली. मी खर्र खर्र आवाज केला. दुसरं काय करणार? मला तेवढीच भाषा येते.

"ही गेली वाटतं. दुसरी दे."

दुसरी चांगली होती, कोरडी, स्वच्छ. पण माझ्या हेडवर आता खडबडीत खपली होती. चकती फिरत गेली आणि मी तिला खरवडत गेलो. तिच्यावरचे मासे कायमचे गेले.

"भाऊजी, आवाज वेगळा येतोय. थांबा ना जरा," धाकटी म्हणाली.

"अगं, जुनं धूड आहे, कुरकुरणारच. आण पुढची."

मग माझ्या डोक्यावर दोन चापट्या बसल्या. जणू चापटीने बुरशी पडते. पुढची फ्लॉपी बगळ्यांची होती. तीही खरवडली गेली. धाकटीने त्यांचा हात धरला, तर तो झटकून त्यांनी आणखी एक घातली. बाईंनी शेवटच्या आजारपणात, उशाला टेकून बसून लाटांची नक्षी काढली होती. ती विणायची राहूनच गेली होती. कागदावर नव्हती, लोकरीत नव्हती, फक्त त्या चकतीवर होती.

धाकटीने भिंतीतला प्लग उपटला, तोवर उशीर झाला होता. तिने ती फ्लॉपी खिडकीशी नेली. नक्षी साठवणारा तपकिरी थर खरवडून गेला होता आणि चकतीवर एक लखलखीत कडं उमटलं होतं. "ही आईची शेवटची होती," एवढंच ती म्हणाली. थोरलीने नवऱ्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "हा डबाच भंगारात घालायचा आहे." म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

धाकटीने मला भंगारात घातलं नाही. तिने माझे स्क्रू काढले, कापूस स्पिरिटमध्ये बुडवून हेड हळूच पुसलं, वाळू दिलं. मग एक कोरी, बिनकामाची फ्लॉपी घालून माझा आवाज कान देऊन ऐकला. तो साफ होता. तरीही तिने उरलेली प्रत्येक चकती आधी उजेडात धरून पाहिली. पानांची नक्षी शाबूत निघाली. थोरलीने शाळेतून कोपरांवर विरलेला एक जुना स्वेटर मागवला. त्यावरचे टाके मोजत मोजत दोघींनी बगळे पुन्हा पडद्यावर उतरवले आणि मी ते नव्या फ्लॉपीवर लिहिले. थंडीच्या आत स्वेटर डोंगरावर गेले.

लाटा मात्र गेल्या त्या गेल्याच. भाऊजी अजून गिऱ्हाइकांना सांगतात, "जुनी यंत्रं अशीच दगा देतात." ते ऐकलं की माझा पत्रा तापतो.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर दया करा असं मी म्हणत नाही. दया नको मला. यंत्राने वेगळा आवाज केला तर पुढची फ्लॉपी शोधू नका, आधी हात मागे घ्या. आणि शेजारचं कोणी हळू आवाजात "थांबा" म्हणालं, तर थांबा.