ठरेपर्यंत चहा नाही

प्रेमलाची नजर पुन्हा घड्याळाकडे गेली. साडेचार. पाच वाजता वाघोलीच्या एका कॉलेजला फोन करून दोनशे डब्यांचं हो की नाही ते कळवायचं होतं, आणि बिबवेवाडीतल्या तिच्या घरी जमलेल्या डबे पुरवणाऱ्या गटातल्या चौघी अजून कुणाच्या तरी साखरपुड्यातच रमल्या होत्या. मागच्या तीन बैठका अशाच चहात बुडाल्या होत्या. म्हणून आज लेकीने, आम्रपालीने, शाळेत जाताना बजावलं होतं, "आई, ठरेपर्यंत चहा टाकायचा नाही हं."

"काय गं प्रेमला, चहा विसरलीस की बंदच केलास?" वेणूबाईंनी विचारलंच. त्या सगळ्यांत मोठ्या.

प्रेमलाने वही उघडली. "ठरल्यावर," ती कशीबशी म्हणाली. "पहाटे चपात्या लाटायला कोण येणार, तेवढं सांगा."

पावणेपाच झाले तरी वहीत एकही नाव नव्हतं. आता या रुसून उठणार, असं प्रेमलाला वाटलं.

"लिही माझं नाव," शेवटी वेणूबाई म्हणाल्या. "घशाला कोरड पडली बाई." मग उरलेल्या तिघींनीही वार वाटून घेतले.

प्रेमलाने आधी फोन लावला, आणि "हो" म्हणता म्हणता दुसऱ्या हाताने गॅस पेटवला.